आवाज आपल्या रिंगणापुरता

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या दिशेने निघाली की काटेवाडीच्या अलीकडे पिंपळी हे गाव लागते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण पाहण्यासाठी जी गर्दी लोटते, ती याच रस्त्याने पुढे सरकत असते. नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेल्या या सोहळ्याच्या वाटेवर आज राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. वीणा, टाळ आणि पखवाज ही दिंडीची वाद्ये मात्र जुनीच आहेत. त्यांच्या जोडीला अलीकडे एक नवा सोबती आला आहे, तो म्हणजे बॅटरीवर चालणारा, खांद्याला अडकवून किंवा चाकांवर ओढून नेता येणारा ध्वनिवर्धक. वारीच काय, गावचे भजनी मंडळ, शाळेची प्रभातफेरी, बाजाराच्या दिवशी गाणारा लोककलावंत आणि शहरातील पदपथावर गिटार घेऊन उभा राहणारा महाविद्यालयीन तरुण, या सर्वांना आज ही पेटी हवी आहे. तेव्हा ती निवडावी कशी, याचा थोडा गंभीरपणे विचार करणे अगत्याचे आहे.

अशी पेटी मुळात हवीच कशाला, असा प्रश्न काही जुनी मंडळी करतील. शाहिरांची परंपरा खुल्या गळ्याची आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु पंधरा-वीस दिवस उन्हापावसात चालत गाणाऱ्या माणसाचा गळा बसतो, हेही तितकेच खरे आहे. पन्नास जोड टाळांच्या गजरात अभंगाचे शब्द चौथ्या रांगेपर्यंतही पोचत नाहीत. स्त्रियांच्या आणि वृद्धांच्या आवाजाची तर अनेकदा दखलच घेतली जात नाही. अशा वेळी ध्वनिवर्धकाने शब्द ऐकू येत असतील, तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. यंत्र असावे की नसावे, हा वाद आता मागे पडला आहे. ते किती मोठे असावे, हा खरा प्रश्न आहे.

आणि येथेच बाजार आपली दिशाभूल करतो. खोक्यावर ठळक अक्षरांत हजारो वॅट छापलेले असतात. हा आकडा बहुधा ‘पीएमपीओ’ नावाच्या मोजणीचा असतो आणि प्रत्यक्ष कामाशी त्याचा फारसा संबंध नसतो. विचारायचा आकडा ‘आरएमएस’ वॅटचा. तोही एकटा पुरेसा नाही, कारण तेवढ्याच विजेत एक स्पीकर मोठा बोलतो, तर दुसरा पुटपुटतो. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्यांना हे गणित परके नाही. एक वॅट दिला असता एक मीटरवर नव्वद डेसिबल आवाज देणारा साधा स्पीकर घ्या. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ८४, चार मीटरवर ७८, आठ मीटरवर ७२ आणि सोळा मीटरवर ६६ डेसिबल. दोन माणसे समोरासमोर बोलतात तो आवाज साधारण साठच्या आसपास असतो. केवळ एक खरा वॅट एवढे काम करतो! याउलट वॅट दुप्पट केले, तर आवाजात भर पडते ती अवघ्या तीन डेसिबलची. टाळांच्या गजरावर शब्द उमटावेत म्हणून दहा-पंधरा खरे वॅट जवळ असले, तरी एका दिंडीची गरज भागते. एकट्या गायकाला त्याहूनही कमी पुरतात.

त्यापुढचा प्रत्येक वॅट आपल्या श्रोत्यासाठी नसतो. तो शेजाऱ्याच्या कानावर जातो. वारीत दिंड्या एकामागे एक चालतात. पुढच्या दिंडीत एक अभंग, मागच्या दिंडीत दुसरा. दोन्हींची लय वेगळी, ठेका वेगळा. मधल्या अंतरात दोन ध्वनिवर्धक भिडले, की दोन्ही अभंग बुडतात. मग पुढची दिंडी आवाज चढविते, तिला ऐकून मागचीही चढविते आणि शेवटी कोणालाच काही कळेनासे होते. टाळ-मृदंगाच्या काळात या स्पर्धेला माणसाच्या दमाची मर्यादा होती. बॅटरीला दमच लागत नाही, म्हणून ती मर्यादा आता आपण स्वतः घालून घेतली पाहिजे.

कायद्याचाही रोख हाच आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ध्वनिवर्धक लावल्यास सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर दहा डेसिबलने अधिक असू शकतो आणि कोठेही ७५ ची रेषा ओलांडू शकत नाही. म्हणजे निवासी वस्तीत ६५. वरच्या हिशेबातला एकच वॅट सोळा मीटरवर या रेषेपाशी येऊन ठेपतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. पहाटे चिपळ्या वाजवीत दारी येणाऱ्या वासुदेवाने ही पेटी कधी मागितली नाही. झोपलेल्या गावाला हळुवार जागे करण्याचे त्याचे काम उघड्या गळ्यानेच साधते.

आता वजनाचा आणि बॅटरीचा विचार करू. जुन्या पद्धतीची बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे दोन-अडीच किलोची असते. तिच्यात कागदोपत्री ८४ वॅट-तास साठतात. परंतु ती वरचेवर तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मेच आपले समजावेत. तेवढेच काम लिथियमची अर्ध्या किलोच्या आतली बॅटरी करते. गाण्यात आवाज सतत चढउतार करीत असल्याने वीस वॅटच्या पेटीचा सरासरी खप चार-पाच वॅटच असतो. म्हणजे चाळीस वॅट-तासांत दिवसाची वाटचाल सहज पार पडते. शंभर वॅटची पेटी त्याच जोमाने वाजविली, तर हीच बॅटरी दुपारच्या विसाव्यापर्यंतही टिकणार नाही. मुक्कामाच्या गावी एकेका विजेच्या खटक्याभोवती मोबाइलांची जी झुंबड उडते, ती पाहिलेल्यांना याचे महत्त्व सांगायला नको. बॅटरी बदलता येते का आणि ती तालुक्याच्या गावी मिळते का, हे दुकानातच विचारून घ्यावे. पेटीत कायमची चिणलेली बॅटरी संपली, की पेटीही संपली.

आणखी दोन गोष्टी. पखवाज, टाळ, संबळ यांना यंत्राची गरज नाही. त्यांची घडणच उघड्या रानासाठी झालेली आहे. माइक शब्दांना द्यावा आणि पेटीतला खर्ज कमी ठेवावा, म्हणजे शब्द स्वच्छ येतात आणि बॅटरीही वाचते. एकतारी, वीणा किंवा गिटार जोडायची असल्यास वाद्यासाठी स्वतंत्र जोडणी असलेली पेटीच घ्यावी. वाद्याला चिकटविलेल्या यंत्राची तार माइकच्या जागी खुपसली, तर आवाज पातळ आणि किरकिरा येतो. ब्लूटूथचा माइक टाळावा, कारण त्यातून आवाज किंचित उशिरा निघतो आणि तेवढ्याने ठेका चुकतो. आषाढातल्या वाटचालीसाठी पेटीवर पाणी उडाले तरी चालेल अशी तिची बांधणी हवी. कर्णा थोड्या विजेत मोठा आवाज देतो खरा, पण तो एकाच दिशेला फेकतो; त्याच्या तोंडासमोर चालणाऱ्याचे हाल तोच जाणे.

‘मोठी पेटी घ्यावी आणि आवाज लहान ठेवावा, वेळेला उपयोगी पडते,’ असा सल्ला दुकानदार देतात. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. परंतु वजन रोजच वाहावे लागते आणि बटण हाताशी असले की ते फिरविण्याचा मोह कोणाला आवरत नाही. पदपथावर वा बाजारात गाणाऱ्या कलावंताने तर हा मोह कटाक्षाने टाळावा. भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९५९ च्या मुंबई कायद्याने गाण्याच्या किंवा नाचण्याच्या निमित्ताने पैसे घेणेही भिकेच्या व्याख्येत घातले आहे. ज्याच्या पायाखालची जमीन आधीच इतकी ठिसूळ आहे, त्याने शेजारच्या दुकानदाराला तक्रारीचे निमित्त देणे म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणे होय.

ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात सायंकाळच्या समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि अफाट जनसमुदायाचे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात आणि म्हणून ती तक्रार ऐकली जाते. आवाज लहान ठेवण्याची शिस्त सर्वांनी पाळली, तरच एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येतो, हे या परंपरेने केव्हाच ओळखले आहे. दिंड्यांच्या प्रमुखांनी निघण्यापूर्वी एकत्र बसून पेट्यांची कमाल मर्यादा ठरविली, तर सरकारी यंत्रणेला मध्ये पडण्याची वेळच येणार नाही. शाळांनी आणि भजनी मंडळांनीही वर्गणी गोळा करताना हे भान ठेवावे.

खरेदीपूर्वी तीन साध्या कसोट्या लावाव्यात. पेटी खांद्याला अडकवून दोन किलोमीटर चालून पाहावे. मोकळ्या मैदानात दहा पावलांवर शब्द स्पष्ट आणि पन्नास पावलांवर अस्पष्ट ऐकू येतात ना, हे तपासावे. सलग पाच तास ती चालवून पाहावी. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी पेटी बहुधा लहान, हलकी आणि बेताच्या किमतीची असेल. वर्गणीतून वाचलेले पैसे टाळांच्या नव्या जोडीला आणि दुसऱ्या एका बॅटरीला उपयोगी पडतील.