ऊन हाडांसाठीं, साथीसाठीं काय?

साथीचे दिवस आले, कीं मुंबईस कामाला असलेलीं आमचीं पोरें मांडव्याच्या लाँचनें घरीं ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या पाठवितात. "ही घ्या, म्हणजे फ्लू, कोरोना जवळ येणार नाहीं," असा निरोपही येतो. माया खरी, पण समजूत पारखून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

‘ड’ मोलाचें आहे, ह्यांत शंका नाहीं. तें उन्हानें कातडींत तयार होतें. तें नसेल तर अन्नांतलें कॅल्शियम हाडांत भरत नाहीं व मुलांस मुडदूस होतो. अंथरुणास खिळलेले वृद्ध, अंधाऱ्या खोलींतली बाळंतीण व तिचें तान्हें, गाळ्यांत दिवसभर कोंडलेला मजूर, ह्यांना तें कमी पडतें. कांचेआडचें ऊन येथें कामाचें नाहीं. ह्यांच्या अंगावर ऊन पडलें पाहिजे, ताटांत तारली-बांगडा आला पाहिजे, आणि जरूर तर डॉक्टरच्या सल्ल्यानें औषधही मिळालें पाहिजे.

परंतु हाडांचें औषध म्हणजे साथीचें चिलखत नव्हे! रोगाशीं झुंजणाऱ्या पेशींनाही ‘ड’ लागतें, म्हणून ही आशा उपजली. २०१७ सालीं २५ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हां फार कमतरता असलेल्यांस बचाव दिसला. पुढें आणखी चाचण्या मिळविल्यावर, २०२५ सालीं, तोही निश्चित म्हणण्याजोगा उरला नाहीं. ब्रिटनमधल्या ६,००० वर लोकांवरील ‘ड’च्या व नॉर्वेंतल्या ३४,००० वर लोकांवरील कॉड माशाच्या तेलाच्या चाचण्यांचे निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. कोरोना टळला नाहीं.

आणि आमच्या मुंबईचा १९१८ चा इन्फ्लुएन्झा आठवा. युरोपियनांत हजारीं सुमारें ८ माणसें मेलीं. खालच्या गणलेल्या जातींत ६१! ह्यांतले कित्येक उन्हांत राबणारेच होते. त्यांना ऊन कमी पडलें, असें कोण म्हणेल? कमी पडली ती हवेशीर खोली, पोटभर अन्न आणि औषधपाणी.

तेव्हां बंधुभगिनींनो, ६०,००० युनिटांची आठवड्याची पुडी रोज घेऊं नका. अतिरेकानें रक्तांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडें बिघडतात. म्हाताऱ्यांची खाट अंगणांत काढा, खिडक्या उघडा, तापकऱ्यास वेगळें निजवा, आणि म्हाताऱ्यांसाठीं, गरोदर बायांसाठीं आरोग्य केंद्रांत जाऊन लस मागा. ऊन फुकट मिळतें. लस व हवेशीर घर मात्र मागितल्याशिवाय गरिबाच्या दारीं येत नाहीं.