आदरणीय म्हणा, पण कारण सांगा

'आदरणीय' हा शब्द भाषणांतून हद्दपार करावा, असं हल्ली बरेच जण म्हणतात. तो हिंदीतून घुसलाय आणि चाटुगिरीसाठीच उरलाय, ही त्यांची तक्रार. खान्देशातल्या शिरपूरचे फ्लेक्स पाहिले की ती पटूही लागते. तरी ती लटकी आहे.

हिंदी भाषणांमुळे शब्द फोफावला, हे कबूल. पण तो मूळचा संस्कृत. दर्शनीय म्हणजे पाहण्याजोगं, तसा आदरणीय म्हणजे आदर करण्याजोगा. दंडनीयही त्याच प्रत्ययाचा! फरक एवढाच, की कुणाला दंड ठोठावताना न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. आदरणीय ठरवताना निवेदकाला कुणी विचारत नाही.

ऑक्टोबर २०१२मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशातल्या कार्यक्रमांपुरतं 'महामहिम' बंद करायला सांगितलं, हा दाखला इथे हमखास दिला जातो. तो गैरलागू आहे. महामहिम खुर्चीला चिकटलेलं होतं; खुर्ची गेली की तेही जाई. आदरणीय माणसाला लागतं, निदान लागायला हवं.

दुसऱ्या टोकाचे लोक आणखी विनोदी. अहिराणीत बापालाही 'तू' म्हणतात, म्हणजे खान्देशी माणसाला आदरच कळत नाही, असं त्यांना वाटतं. 'आप्पा, तू जेवना का?' हे विचारून आप्पांचं ताट वाढलं जाईपर्यंत स्वतः घास न घेणारी सून त्यांनी पाहिलेली नसावी. घरात विशेषण लागत नाही, कारण माणूस ठाऊक असतो. चारचौघांत तो सगळ्यांना ठाऊक नसतो, म्हणून तिथे औपचारिक शब्दाची गरज पडते. जुन्या पत्रांत तर त्याचीही मोजमापं होती: तीर्थरूप फक्त आईवडील, काका-मामा तीर्थस्वरूप. सरसकट वाटप नव्हतं.

शिरपुरातलंच उदाहरण घ्या. भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४पासून या तालुक्यात नाले खोल-रुंद करून घेतले, त्यांवर बंधारे बांधवले, जास्तीचं पाणी कोरड्या विहिरींत सोडलं. एवढं सांगून 'आदरणीय' म्हटलं, की ऐकणाऱ्याला शब्द जड वाटत नाही.

लग्नात टोपी-उपरण्यासाठी पुकारल्या जाणाऱ्या प्रत्येक आदरणीय आबासाहेब-नानासाहेबांमागे असं एकेक वाक्य सक्तीचं करून पाहा. पंगत तासभर आधी बसेल.