मानेची कळ आणि सहा आठवड्यांचा धीर

“नस दबली आहे, आता ऑपरेशनच ना?” असे म्हणत रुग्ण एमआरआयचा लिफाफा टेबलावर ठेवतो. त्याच्या मानेला अजून कोणी हात लावलेला नसतो. भीती मात्र मनात पक्की बसलेली असते. या भीतीला आपणही हातभार लावतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानेतून निघून दंडात आणि बोटांपर्यंत उतरणारी कळ अत्यंत पीडादायक असते, हे खरेच. परंतु बहुतेकांच्या बाबतीत ती शस्त्रक्रियेवाचून ओसरते, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील रोचेस्टर येथील ५६१ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे चतुर्थांश रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. अखेरच्या तपासणीत एकूण ९० टक्के रुग्ण त्रासमुक्त होते किंवा त्यांचा त्रास किरकोळ उरला होता. नसेभोवतीची सूज उतरते आणि निसटलेल्या गादीचा भाग अनेकदा शरीरच हळूहळू शोषून घेते.

उलट, एमआरआयमधील दोष म्हणजे आजार नव्हे. जपानमध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ व्यक्तींची तपासणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ८८ टक्के व्यक्तींच्या मानेतील गादी फुगलेली आढळली. म्हणून आधी हाताची शक्ती, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया तपासाव्यात. चित्र त्यानंतर पाहावे.

मग उपचार कोणते? नेदरलँड्समधील २०५ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विश्रांतीसह मानेचा पट्टा वापरणारे आणि फिजिओथेरपी घेणारे, अशा दोन्ही गटांच्या वेदना पहिल्या सहा आठवड्यांत इतरांपेक्षा लवकर कमी झाल्या. सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गट जवळपास सारखेच होते. तात्पर्य, पट्टा तीन आठवडे बांधावा आणि पुढील तीन आठवड्यांत सोडवावा. तो वर्षानुवर्षे मिरवल्यास मानेचे स्नायू दुबळे होतात. वेदनाशामके थोडे दिवसच द्यावीत. वृद्धांच्या बाबतीत जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांचे भान ठेवावे. न्हाव्याकडे वा अन्य कोणाकडे मान ‘मोडून’ घेण्यास निक्षून मनाई करावी. झटक्याने मानेतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. मानेतील स्टेरॉइड इंजेक्शनही निरुपद्रवी नाही. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मणक्यातील अशा इंजेक्शनांच्या दुर्मिळ पण गंभीर धोक्यांचा इशारा दिला आहे.

धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. हाताची शक्ती उत्तरोत्तर घटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप, वजनात घट, पूर्वीचा कर्करोग किंवा अपघात, यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब नको. डाव्या हातात कळ असल्यास हृदयाचा विचार प्रथम करावा. आणि सहा आठवडे योग्य उपचार करूनही वेदना असह्य राहिल्यास शल्यविशारदांचा सल्ला अवश्य घ्यावा. शस्त्रक्रियेला तिचे स्थान आहेच.

अशा रुग्णाला तपासून, समजावून सांगण्यास फार तर पंधरा मिनिटे लागतात. चिठ्ठी लिहून एमआरआयला पाठवणे एका मिनिटाचे काम असते. वाचलेल्या चौदा मिनिटांची किंमत रुग्ण पैशांनी, झोपेने आणि भीतीने चुकवतो. ती त्याच्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, एवढीच समव्यावसायिकांना नम्र विनंती.