घ्यायची की घडवायची?

इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या, म्हणजे साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या इतिहासात खटले आणि न्यायनिवाडे यांवर भरपूर लिहिलं जातं. बंदुका आल्या कुठून, हे मात्र दोन ओळींत उरकतात. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आणि कुंडलच्या तुफान सेनेपुढे, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलापुढे, हा प्रश्न रोजचा होता. गावच्या लोहाराला फार तर ठासणीची बंदूक जमली असती. रायफलची नळी आतून पिळदार कापायची तर त्या जातीचं पोलाद आणि यंत्र हवं. विकत घ्यायची तर परवाना इंग्रजांच्या हाती. उरला पोर्तुगिजांचा गोवा. तिथून हत्यारं आणताना साथीदार बाळ जोशी पकडले गेले. त्यांच्या सुटकेच्या कामगिरीवर क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई गेली, आणि परतताना रात्री लाकडी पेटीवर तरंगत तिने मांडवी नदी ओलांडली. मला वाटतं, तिसरी वाटच खरी तुफान सेनेची होती: सरकारचीच बंदूक उचलायची. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर हौसाताईला ‘नवरा’ बनलेला साथीदार मारू लागला, दगड उचलून ठेचतोच म्हणाला. पोलीस सोडवायला बाहेर धावले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या रायफली लांबवल्या. तो मार सोंगाचा नव्हता, खरोखरचा होता. शाळेच्या पुस्तकात हौसाताईंसाठी एक अख्खं पान असायलाच हवं. त्या २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं अजून आहेत, तोवर हे लिहून घ्या.