वाचनाची सम

पिशोर काय किंवा कन्नड तालुक्यातलं दुसरं कुठलं मोठं गाव काय, सप्ताह बसला की संध्याकाळच्या हरिपाठाला पोरंटोरं पुढच्या रांगेत. गळ्यात टाळ, पायात पावली आणि सत्तावीसच्या सत्तावीस अभंग तोंडपाठ. मृदंग वाजवणाऱ्याने लय चढवली की नऊ वर्षांचा टाळकरीही न अडखळता त्याच्याबरोबर चढतो. त्यातलाच एखादा दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडतो आणि वाचतो, ‘का-व-ळा, झा-डा-व-र, ब-स-ला.’ अक्षर एकही चुकलेलं नसतं. ‘कोण बसलं रे?’ विचारलं की पोरगं गप्प.

वाचनाचा विषय निघाला की आपलं बोट आधी रिकाम्या पदांकडे आणि दोन वर्गांना मिळून असलेल्या एका गुरुजींकडे जातं. ते खरंच आहे. पण या गप्प पोराचं कोडं तेवढ्याने सुटत नाही. ते मला थोडंफार उलगडलं ते चिनी भाषेवरच्या एका प्रयोगातून.

नाय डिंग, डेव्हिड पॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग २०१६ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये छापून आला. त्यांनी मँडरिनमधली सुटी अक्षरं यंत्राने तयार केली, प्रत्येक अक्षर पाव सेकंदाचं. सेकंदाला चार अक्षरं आणि चार अक्षरांचं एक वाक्य. पहिल्या दोन अक्षरांचा एक गट, पुढच्या दोहोंचा दुसरा. मध्ये ना विसावा, ना आघात, ना वाक्य संपताना आवाज खाली येणं. नुसती एकसुरी टकटक. ती ऐकणाऱ्यांच्या मेंदूतले सूक्ष्म चुंबकीय बदल टिपले. मँडरिन जाणणाऱ्यांच्या मेंदूत तीन लयी एकाच वेळी चालू होत्या : सेकंदाला चार, सेकंदाला दोन आणि सेकंदाला एक. चारची लय आवाजातच होती. दोनची आणि एकची आवाजात कुठेच नव्हती. ती ऐकणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून घातलेली. ज्यांना मँडरिन येत नव्हती त्यांच्या मेंदूत फक्त चारची टकटक उमटली.

तबलजीला हे समजावून सांगायची गरज नाही. मात्रा कानावर पडतात, विभाग आणि सम मनात असते. नुसत्या टकटकीवर गाणारा गवई आपली सम धरून असतो, न जाणणारा मात्र टकटकच ऐकत राहतो. आपला तिसरीतला पोरगा स्वतःचंच वाचन असं ऐकतो. मराठी त्याची मायबोली आहे, पण छापलेल्या मराठीत त्याला मात्राच सापडल्या आहेत. ‘कावळा’ कुठे संपला आणि वाक्य कुठे समेवर आलं, हे त्याच्या कानाला कळत नाही.

आणि आपण मोजतो काय? २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला ६० शब्द वाचता यावेत असं उद्दिष्ट आहे. ‘अर्थासह’ हा शब्द त्यात आहे, नाही असं नाही. पण तपासणीला येणाऱ्याच्या हातात घड्याळ असतं आणि घड्याळाला मोजता येतं तेच मोजलं जातं. मिनिटाला ६० ही लय झाली. ताल नव्हे.

संगीताने वाचन सुधारतं का, यावर घाईने हो म्हणू नये. बीजिंगमध्ये चार ते पाच वर्षांच्या ७४ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सहा महिने पियानो शिकवला, दुसऱ्याला तेवढाच वेळ वाचन, तिसऱ्याला काहीच जादा नाही. बुद्ध्यांक, एकाग्रता, स्मरणशक्ती यांत तिन्ही गटांत फरक पडला नाही. ‘संगीताने मूल हुशार होतं’ असं सांगून शिकवण्या विकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. फरक पडला तो कानात. ऐकलेल्या शब्दांमधली व्यंजनं वेगळी ओळखण्यात पियानोचा गट पुढे गेला, वाचनाच्या गटाच्याही पुढे. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये आणखी लहान मुलांत पाहिलं की, ज्यांना ठेक्याबरोबर ढोल वाजवता येतो, त्यांची वाचनाची पूर्वतयारीही बरी असते. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

मँडरिनमध्ये सूर बदलला की ‘मा’ची आई होते किंवा घोडा. मराठीला त्या सुरांशी देणंघेणं नाही. आपली अडचण त-थ-द-ध या घराण्यात असते, आणि इथे आपल्याकडे पियानोपेक्षा नेमकी वस्तू आहे. ‘धा’ दोन हातांनी वाजतो. त्यातला डग्ग्याचा घुमारा काढून घेतला की उरतो ‘ता’. तीनतालाच्या खालीला ‘धिं’चा ‘तिं’ होतो तो याचमुळे. बोल बांधणाऱ्यांनी डग्ग्याचा खर्ज व्यंजनाच्या घोषात आणि हकारात भरून ठेवला आहे. अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी २००३ मध्ये हेच तपासलं : तबला कधीच न ऐकलेल्या माणसांनाही कुठला बोल कुठल्या आघाताचा, हे नुसत्या अंदाजापेक्षा बरंच जास्त जुळवता आलं. चिनी ऑपेरातही झांजा आणि ढोलांचे बोल आधी तोंडाने म्हणून शिकवतात. दोन्हीकडे तोंड आधी शिकतं, हात मागून.

माझं म्हणणं त्यामुळे साधं आहे, आणि ते सिद्ध झालेलं नाही हेही मान्य. पहिली-दुसरीत रोज दहा मिनिटं मुलांनी बोल म्हणावेत, टाळी-खाली दाखवावी आणि मग त्याच ठेक्यात पाठातलं वाक्य म्हणावं : कावळा, झाडावर, बसला. तीन घास, मग समेवर थांबा. पुस्तकातल्या कवितेला यूट्यूबची चाल लावून मुलांना गप्प बसवणं म्हणजे हे नव्हे. टाळी मुलांच्या हाताची हवी.

शाळेत भजन शिरेल, अशी शंका कुणी काढेल. भजन नको, ताल घ्या. लेझीम शाळेत आहेच, तिच्यावर कुणी हरकत घेतलेली नाही. दुसरी शंका जास्त खरी आहे : मुली. मृदंग अजून बहुतेक मुलांच्याच हाती दिसतो. तेव्हा गावातल्या वादकाला वर्गात बोलावताना पहिला मृदंग मुलीपुढे ठेवायचा, हे आधीच ठरवून घ्यावं लागेल.

मानधन कुठून द्यायचं, असं मुख्याध्यापक विचारतीलच. सप्ताहाला घरटी पट्टी काढणाऱ्या गावाकडे आठवड्याचे दोन तास मागायला शाळा व्यवस्थापन समितीची एक बैठक पुरते. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत नवं ॲप कसं भरायचं यावर अर्धा दिवस जाणारच आहे. त्यातला अर्धा तास एखाद्या मृदंगवाल्याला द्या आणि शिक्षकांनाच आधी टाळी-खाली करायला लावा.