रस्ता बांधला, राखणार कोण?

जिंतूर तालुक्यातील चारठाणा यादवकालीन मंदिरांसाठी ख्यातनाम आहे. तेथील दगड शतकानुशतके उभा आहे. आज गावोगावी होणारा सिमेंटचा रस्ता मात्र अनेकदा चार पावसाळेही काढीत नाही. याचा दोष केवळ कंत्राटदाराच्या माथी मारणे म्हणजे रोगाचे मूळ न पाहणे होय.

१९५८ च्या अधिनियमाने गावरस्त्यांची दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे सोपविली, पण त्यास पुरेल असे उत्पन्न दिले नाही. घरपट्टी हा हक्काचा आधार. परंतु मतदाराकडून ती सक्तीने वसूल करण्याचे धैर्य किती सरपंच दाखवितात? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के अनुदान पाणी व स्वच्छतेस बांधून दिले. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्त्यांना अनेक वाटेकरी. आमदार निधीतून नवे रस्ते होतात, कारण नारळ नव्या कामाचाच फुटतो. बुजविलेल्या खड्ड्याचे उद्घाटन होत नसते.

२००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच अंतर्भूत आहे. तीच अट गावांतर्गत रस्त्यांस का नसावी? मात्र त्यानंतरचा भार गावानेच उचलावयाचा आहे. पट्टी भरणारा ग्रामस्थच ग्रामसभेत ताठ मानेने हिशेब मागू शकतो.