इन्व्हर्टरची नाडी

गेल्या वैशाखांतली गोष्ट. रात्रीं दोनच्या सुमारास आमच्या पेठेंतील वीज गेली. सोलापुरांत उन्हाळ्यांत वीज जाणें ही कांहीं मोठी वार्ता नव्हे. परंतु मामंजींना प्राणवायु पुरविणारें यंत्र त्या वेळीं इन्व्हर्टरवर चालू होतें, आणि दहाच मिनिटांत इन्व्हर्टरहि बसला. शेजाऱ्यांकडे प्राणवायूचा सिलिंडर होता म्हणून निभावलें.

दुसरे दिवशीं कारागिरानें पेटी उघडून आंतील कपॅसिटरांचीं फुगलेलीं डोकीं दाखविलीं, तेव्हां प्रत्येकास आपापली चूक आठवली. फाल्गुनांत तासभर पुरणारी बॅटरी चैत्रांत अर्ध्या तासावर आली होती, हें आमच्या यजमानांना ठाऊक होतें. पेटींतील पंख्याची घरघर मीं स्वतः ऐकली होती. यंत्र बोलत होतें. आम्हीं तें एकमेकांस सांगितलें नाहीं, इतकेंच.

कपॅसिटरच्या पोटांत एक द्रव असतो. उष्णतेनें तो हळूहळू सुकतो, वीज सांठविण्याची शक्ति घटते, आंतील विरोध वाढतो, व त्या विरोधानें उष्णता आणखी वाढते. ठोकळ नियम असा कीं, दहा अंश वाढले कीं आयुष्य निम्में. १०५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारें ३२,००० तास टिकेल, ७५ अंशांवर मात्र १६,०००. आणि आमचा इन्व्हर्टर जिन्याखालच्या बंद फडताळांत! ती कल्पना कोणाची होती, हें येथें लिहीत नाहीं.

मोठ्या कारभारांत अशी हयगय परवडत नाहीं. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, व दक्षिणेचें वीजजाळें उरलेल्या देशाशीं एका तालांत आलें. असल्या वाहिन्यांच्या टोकांशीं जीं अवाढव्य रोहित्रें असतात, त्यांचें तेल, आपण रक्त तपासून घेतों तसें, वेळोवेळीं तपासतात. त्यांत ॲसेटिलीन वायु विरघळलेला आढळला, तर आंत ठिणग्या पडत असल्याचा संशय घेतात. रोहित्र उघडावें लागत नाहीं.

घरींहि पेटी उघडूं नये; बटण बंद केल्यावरहि कपॅसिटरांत वीज राहते. आम्हीं इन्व्हर्टर मोकळ्या हवेंत आणला, आणि पंचांगाशेजारीं एक वही टांगली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, सिलिंडर हाताशीं ठेवून, मुख्य बटण बंद करावयाचें. दर वेळीं तेच दिवे, तेच पंखे. पंधरा मिनिटांनीं बॅटरीचा दाब लिहावयाचा. एकट्या आंकड्यावरून कांहींच कळत नाहीं, मागील आंकड्यांशेजारीं ठेवला म्हणजे कळतें.

या महिन्याचा आंकडा मामंजींनीं स्वतः लिहिला: ११.९. मागील महिन्यांत १२.१ होता. कारागिराला निरोप धाडला आहे.